उत्क्रांती शिकणाऱ्या मुलीला मंडळीने काय सांगावं?

प्रभू येशूच्या नावात सलाम.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलचा मोठा वर्ग घेता. वर्गातली एक मुलगी दहावी होऊन अकरावी सायन्सला गेली आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. तिने विचारलं, हे खरं असेल तर बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय खोटा का? तुम्ही ते पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी पुढच्याच रविवारी संदेशात सांगितलं की उत्क्रांती मानणारा ख्रिस्ती असू शकत नाही, दोन्हींतलं एक निवडा. तेव्हापासून ती वर्गाला येत नाही. पुढच्या वर्षी तिचं दृढीकरण, म्हणजे मंडळीसमोर आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याचा विधी, आहे. तिला काय सांगू आणि पाळकसाहेबांना काय सांगू, असं तुम्ही विचारता.

आधी मुलीचं, कारण घाई तिथेच आहे. या आठवड्यात तिच्या घरी जा, आईवडील घरात असताना. तिला सांगा की तुझा प्रश्न चांगला होता, तो मंडळीतच विचारायला हवा होता, आणि देवाला उत्पन्नकर्ता मानण्यासाठी तुला बायॉलॉजीचं पुस्तक मिटावं लागणार नाही. त्या दिवशी एवढं पुरे. पुरावे, वचनं, वाद काही काढू नका. वर्गात विश्वासाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या मंडळीसमोर पुलपिटावरून आलं, की त्या वयाच्या मुलीला त्यातून एकच ऐकू येतं, की इथे आपल्याला जागा नाही. ते आधी पुसलं गेलं पाहिजे.

आता मूळ मुद्दा. सेमिनरीत जाण्याआधी मी भूशास्त्र शिकलो, पुढे मंडळ्या सांभाळल्या आणि पाळक होऊ घातलेल्या मुलांना शिकवलं. या दोन्ही बाजू जवळून पाहिल्यावर माझं ठाम मत असं आहे की 'निवडा' ही मागणी मंडळीची जुनी शिकवण नाही. ती बाहेरून आली आणि बरीच अलीकडे आली.

आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळ्यांची बेरीज करून जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये ठरवली. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात ती सालं छापली जाऊ लागली, आणि समासात छापलेलं लोकांना वचनाइतकंच पक्कं वाटू लागलं. एकोणिसाव्या शतकात दगडांचे थर नीट अभ्यासले गेले तेव्हा बायबल मानणाऱ्या बहुतेक विद्वानांनी ती बेरीज सोडून दिली. देवाला सोडलं नाही. अख्ख्या जगातले थर नोहाच्या एका वर्षाच्या प्रलयात बसले, हे मत विसाव्या शतकात पुन्हा उचललं ते जॉर्ज मॅक्रेडी प्राइस या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या लेखकाने, १९२३ मध्ये. आणि ते अमेरिकेतल्या मंडळ्यांमध्ये घराघरांत नेलं हेन्री मॉरिस हे जलशास्त्राचे इंजिनिअर आणि जॉन व्हिटकॉम्ब हे जुन्या कराराचे अध्यापक यांच्या १९६१ च्या पुस्तकाने. तुमच्या पाळकसाहेबांच्या मोबाइलवर जे व्हिडिओ येतात, त्यांतले मुद्दे बहुतांशी तिथून उतरलेले असतात.

तुम्ही विदर्भातले आहात म्हणून स्टीफन हिस्लॉप यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव दिलं, ते हेच. १८४५ मध्ये ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून नागपुरात आले. शाळा काढली, मराठीत सुवार्ता सांगितली, गावोगाव दौरे केले. त्याच दौऱ्यांत रॉबर्ट हंटर या सोबतच्या मिशनऱ्याबरोबर त्यांनी दगड आणि जीवाश्म गोळा केले. नागपूरजवळ टाकळीला त्यांनी लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा पट्टा अभ्यासला. त्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख होते, फळं आणि बिया होत्या, सगळं दगड झालेलं. या साऱ्यावर दोघांनी १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. मांगलीला मिळालेली एका उभयचराची कवटी तर त्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी अभ्यासून तिला शास्त्रीय नाव दिलं.

त्या गाळाच्या पट्ट्याचा अर्थ मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. खाली लाव्हा, म्हणजे एकदा सगळं जळून गेलं. मग तो थंड झाला, वर तळं साचलं, काठाला झाडं वाढली, त्यांना फळं धरली, पाण्यात गोगलगाई जन्मल्या आणि मेल्या, गाळ बसत गेला. आणि त्यावर पुन्हा लाव्हा. एका वर्षाच्या पुरात हे होत नाही. सह्याद्रीतल्या घाटांमध्ये रस्ता कापलेला असतो तिथे काळ्या कातळाच्या मधोमध विटेसारखा लाल पट्टा दिसतो. तो दोन उद्रेकांच्या मधल्या काळात कातळ झिजून झालेला मातीचा थर असतो, वरून आलेल्या लाव्हाने भाजलेला. दख्खनचा हा दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. हा आकडा हिस्लॉप यांच्या हाती नव्हता, दगडांचं वय मोजण्याच्या पद्धती विसाव्या शतकातल्या. पण थर डोळ्यांनी पाहणाऱ्याला काळाची लांबी तेव्हाही जाणवत होती.

आणि हिस्लॉप कुठल्या मंडळीचे, तेही पाळकसाहेबांना सांगा. फ्री चर्च ही १८४३ मध्ये सरकारी चर्चपासून वेगळी झालेली, वचनाला घट्ट धरणारी मंडळी. तिचे पहिले मॉडरेटर (अध्यक्ष) थॉमस चाल्मर्स डार्विनच्या किती तरी आधीपासून सांगत होते की मोशेच्या लेखनाने पृथ्वीचं वय ठरवलेलं नाही. तिच्या बाजूने लढणाऱ्या वर्तमानपत्राचे संपादक ह्यू मिलर स्वतः नावाजलेले भूशास्त्रज्ञ होते. विदर्भात सुवार्ता आणणाऱ्यांना पृथ्वी पुरातन आहे असं म्हणताना संकोच वाटला नाही. मग त्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांनी तो का बाळगावा? हिस्लॉप यांनी गोंड लोकांची भाषा, कथा, गाणी यांचीही टिपणं केली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परत येताना नाल्याला आलेल्या पुरात ते बुडून गेले. ती टिपणं १८६६ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी छापून आणली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवा. पृथ्वीचं वय आणि सजीवांची उत्क्रांती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा, आणि वय मान्य करणारे पुष्कळ लोक उत्क्रांतीपाशी थबकले. पण अमेरिकेत डार्विनची बाजू सर्वांत आधी आणि सर्वांत नेटाने मांडणारे हार्वर्डचे वनस्पतीशास्त्रज्ञ एसा ग्रे हे देवभीरू, चर्चला जाणारे ख्रिस्ती होते. मानवी जीनोमच्या प्रकल्पाचं नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स उघडपणे येशूला प्रभू म्हणतात. कॅथलिक मंडळीत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये सांगितलं की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही. त्या मुलीला ही नावं सांगा. आपण एकट्या नाही, हे कळण्याला त्या वयात फार किंमत असते.

आता उत्पत्ती १. वर्गात मी हा अध्याय असा घेतो. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची, दोन्हीकडे तीन-तीन ओळी. डावीकडे पहिला, दुसरा, तिसरा दिवस. उजवीकडे चौथा, पाचवा, सहावा. बायबल उघडून मुलांनीच रकाने भरायचे. पहिल्या दिवशी प्रकाश, त्याच्यासमोर चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. दुसऱ्या दिवशी आकाश आणि खालचं पाणी, त्यासमोर पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि वनस्पती, त्यासमोर सहाव्या दिवशी पशू आणि माणूस. डावीकडे जागा तयार होते, उजवीकडे तिथे राहणारे येतात. खडू खाली ठेवायच्या आत कुणी ना कुणी विचारतंच: सूर्य चौथ्या दिवशी, मग आधीचे तीन दिवस संध्याकाळ-सकाळ कशी झाली? हाच प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारला होता. सूर्याने दिवस होतो हे उत्पत्ती लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? ते माहीत असूनही त्याने हा क्रम ठेवला, कारण त्याला घड्याळ सांगायचं नव्हतं.

मग सांगायचं काय होतं? बाबेलात (बॅबिलोनमध्ये) आणि आसपासच्या राज्यांत सूर्य आणि चंद्र हे देव होते, त्यांची मंदिरं होती. हा अध्याय त्यांना चौथ्या दिवशी आणतो आणि प्रकाश देण्याचं काम सोपवून पुढे जातो. त्या जगात देवाची प्रतिमा म्हणवून घ्यायचा मान राजाचा. हा अध्याय तो मान माणसाला देतो, पुरुषाला आणि स्त्रीला, सगळ्यांना. इथे मी वर्गात थांबतो. आपल्या पुष्कळ मंडळ्या अशा घरांतून आल्या, ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं. त्या आजी-आजोबांना कुणीतरी वाचून दाखवलं की तुम्ही देवाच्या प्रतिमेचे आहात. उत्पत्ती १ खरं आहे हे त्यांनी त्या दिवशी ओळखलं, आणि त्यासाठी त्यांना पृथ्वीचं वय विचारावं लागलं नाही. या अध्यायावर भांडायचंच असेल तर या वचनासाठी भांडावं. जातीवरून सोयरीक मोडणाऱ्या ख्रिस्ती घराने उत्पत्ती १ जितकं नाकारलं, तितकं कुठल्याही बायॉलॉजीच्या धड्याने नाकारलेलं नाही.

यानंतर मुलांना दुसरा अध्याय काढायला सांगा. पहिल्यात झाडं आधी, माणूस शेवटी. दुसऱ्यात पाचव्या ते नवव्या वचनापर्यंत वाचा: शेतात अजून काही उगवलेलं नाही, माणूस घडतो, मग देव बाग लावतो. दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवताना संकलन करणाऱ्याला अडचण वाटली नाही, कारण दोन्ही क्रमांमधून तो वेगवेगळं सत्य सांगत होता.

पाळकसाहेब प्रेस्बिटेरियन वळणाचे असतील तर त्या परंपरेचा आद्य शिक्षक कॅल्व्हिन याचं उत्पत्तीवरचं भाष्य (१५५४) काढा. चंद्राला मोठी ज्योती म्हटलंय, पण खगोलशास्त्र सांगतं की शनी चंद्राहून मोठा आहे, तिथे कॅल्व्हिन म्हणतो की मोशेने साध्या माणसाच्या डोळ्यांना दिसतं तसं लिहिलं, आणि खगोलशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना दोष देऊ नये. त्याहून हजारेक वर्षं आधी ऑगस्टिन या बिशपने बजावलं होतं की ख्रिस्ती माणूस ताऱ्यांविषयी, प्राण्यांविषयी बायबलच्या नावाने चुकीचं बोलला तर ऐकणारे पुनरुत्थानाच्या बाबतीत तरी त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील? मला वाटतं, तुमच्या गावात नेमकं हेच होऊ घातलंय.

इथपर्यंत सोपं होतं. खरी गाठ आदामापाशी आहे, आणि ती टाळून पुढे जाऊ नका, कारण हुशार मुलं तिथेच पोचतात. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की एका माणसाद्वारे पाप आलं आणि पापाद्वारे मरण. जनुकशास्त्र सांगतं की मानवजातीची संख्या कधीच फक्त दोनवर आलेली दिसत नाही, आणि जीवाश्म सांगतात की माणसाच्या किती तरी आधी प्राणी मरत होते.

मरणाचं आधी पाहू. १०४ वं स्तोत्र देवाची स्तुती करताना म्हणतं की सिंहाचे छावे गर्जना करून देवाजवळ आपलं भक्ष्य मागतात. शिकारीला स्तोत्रकर्ता शाप म्हणत नाही, देवाने दिलेलं अन्न म्हणतो. उत्पत्ती २:१७ मध्ये देव म्हणतो, खाशील त्या दिवशी मरशील. आणि ५:५ प्रमाणे आदाम ९३० वर्षं जगला. म्हणजे त्या दिवशी जे मेलं ते देवाशी असलेलं नातं होतं, आणि पौलाच्या मनात प्रामुख्याने माणसाचं हेच मरण आहे असं मी मानतो.

आदामाबद्दल विश्वासू अभ्यासकांत एकमत नाही, ते तिला तसंच सांगा. काही म्हणतात, त्या काळच्या अनेक माणसांमधून देवाने एकाला निवडलं, त्याच्याशी नातं जोडलं आणि तो सगळ्यांचा प्रतिनिधी झाला. जॉन स्टॉट यांच्यासारखे मोठे इव्हँजेलिकल शिक्षक याच बाजूचे. काही म्हणतात, आदाम म्हणजे तुमची-माझी, प्रत्येकाची कथा. मी स्वतः पहिल्या मताकडे झुकतो, कारण पौलाचा युक्तिवाद त्यात अधिक नीट उभा राहतो. पण पाप कसं आलं यावर मतं वेगळी असली तरी ते आलं आहे, माझ्यात आहे, आणि त्यावर उपाय वधस्तंभावर झाला, इथे दोन्ही बाजू एक आहेत.

"उत्क्रांतीत सगळं योगायोगाने होतं, मग देव कुठे?" हाही प्रश्न येईल. नीतिसूत्रे १६:३३ दाखवा: चिठ्ठ्या टाकल्या जातात, निर्णय परमेश्वराचा असतो. आणि १३९ वं स्तोत्र. आईच्या उदरात देवानेच माझी घडण केली असं दावीद म्हणतो. सोनोग्राफीत गर्भ पेशी-पेशीने वाढताना दिसतो, म्हणून आपण ते स्तोत्र सोडत नाही. बाळ होतं तेव्हा मंडळीत त्याच स्तोत्राने उपकारस्तुती करतो. गर्भाच्या नऊ महिन्यांत देवाचा हात आणि पेशींचं काम एकत्र मान्य आहे, तर कोट्यवधी वर्षांत का नसावं?

दुसऱ्या टोकाचंही सांगतो, कारण तिथेही तरुण घसरतात. जॉर्ज लेमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं आणि १९३१ मध्ये सगळं एका आद्य अणूपासून सुरू झाल्याची कल्पना दिली, जिला आज बिग बँग म्हणतात. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात उत्पत्तीची साक्ष दिसते अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा लेमेत्र अस्वस्थ झाले. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो, विश्वासाचा पाया त्यावर रचू नये, ही त्यांची भूमिका. 'बायबलमध्ये बिग बँग आधीच लिहिलंय' असं सांगणारे संदेशही म्हणून नकोत. आणि कुणी प्राध्यापक वर्गात म्हणाले की विज्ञानाने देव नाही असं सिद्ध केलंय, तर तिने नम्रपणे विचारावं, कुठल्या प्रयोगाने?

आपल्या इतिहासातली एक गोष्ट मंडळीत बोलायला हवी. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या मिशनऱ्यांनी खगोल आणि भूगोल शिकवून पुराणांतल्या क्षीरसागरावर, मेरू पर्वतावर टीका केली. दुसऱ्याच्या ग्रंथाला आपण विज्ञानाची मोजपट्टी लावली. आता तीच आपल्या ग्रंथाला लावली की विज्ञानच खोटं म्हणायचं, हे शेजाऱ्यांसमोर प्रामाणिक दिसत नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग-कीर्तनातून ख्रिस्त गायला तेव्हा त्यांनी ऐकणाऱ्याची परंपरा आदराने उचलली. आपल्या मुलीला शाळेत जे ज्ञान मिळतं, तेही त्याच आदराने उचलता येईल.

आता पाळकसाहेब. पंच कमिटीत विषय काढू नका, ग्रुपवर तर मुळीच नको. त्यांच्या घरी एकटे जा. १ तीमथ्य ५:१ मध्ये वडील माणसाला बापासारखं समजून बोध कर असं आहे, तसं बोला. ते असं का बोलले, ते आधी विचारा. बहुतेक पाळकांच्या मनात त्यामागे खरी भीती असते: शिकलेली मुलं शहरात जातात आणि चर्च सोडतात. ती भीती तुमचीही आहे, हे त्यांना कळू द्या. मग मुलगी येत नाही, हे सांगा. पाळकाला वादात हरवता येतं, पण त्याने काही साधत नाही. हरवलेल्या मेंढराची गोष्ट मात्र त्याला कळते.

त्यांनी उत्क्रांती मानावी असा आग्रह धरू नका. त्यांना न पटण्याचा पूर्ण हक्क आहे. मागणं एवढंच करा की जे मंडळीने विश्वासाची अट केलेलं नाही, ते पुलपिटावरून अट म्हणून सांगू नये. पाळकाचा अधिकार मोठा आहे, पण तो मंडळीच्या विश्वासाच्या आत आहे. दर रविवारी आपण उभं राहून प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो. त्यात देव आकाश व पृथ्वीचा उत्पन्नकर्ता आहे असं आहे. किती दिवसांत, कुठल्या रीतीने, याचा एक शब्द नाही. निकेयाच्या अंगीकारातही नाही. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बाप्तिस्म्याच्या रीतीवर, बिशपपदावर केवढे मतभेद होते. हे दोन अंगीकार समान धरले आणि बाकीच्या पुष्कळ गोष्टींत एकमेकांना मोकळीक दिली, म्हणून ते जमलं.

दृढीकरणाची विधी पाळकसाहेबांबरोबर बसून वाचा. उमेदवाराला काय विचारतात? पापाचा पश्चात्ताप करतेस का, ख्रिस्ताला प्रभू मानतेस का, त्याच्या मागे चालशील का. या प्रश्नांना ती मुलगी मनापासून 'हो' म्हणत असेल तर तिला अडवणारा आणखी एक प्रश्न त्यात घालायचा अधिकार त्यांना नाही, तुम्हाला नाही, मलाही नाही. तरीही त्यांना शंका राहिली तर तुमच्या बिशपांकडे दोघांनी मिळून पत्र लिहा, दोघांच्या सहीने. आणि वर्गात पुढच्या रविवारी फळ्यावरची ती रेघ मारताना खडू तिच्या हातात द्या.